डावीकडून दुसरा

यंदा भात जरा उशिरानं पिकलं. दसरा उलटला तरी खाचरं हिरवीच होती. मग चार दिवस कोरडं ऊन काय पडलं, आठवड्यात सगळी पिवळी. काल सकाळी बांधावर उभा राहिलो, दव वाळत होतं, आणि पिकल्या भाताला तेव्हा जो गोडसर, किंचित आंबूस वास सुटतो तो आला. त्या वासानं मला अमेरिकेतला फुटबॉल आठवला. हसायला येत असेल तर खुशाल हसा. कुणाला कुठल्या वासानं काय आठवावं याचा काही कायदा नाही. इंद्रायणीचा वास आला की लोकांना गरम भात आठवतो, तूप आठवतं. मला हिर्डोशीच्या खाचरात उभं राहून पाच धिप्पाड परदेशी गडी आठवतात, आणि त्यांतही डावीकडून दुसरा.

मी भोरला हायस्कुलात खेळाचा मास्तर होतो. तीसेक वर्षं एसटीनं गेलो-आलो, कबड्डीचे संघ तयार केले, पोरांना पळवलं, आणि निवृत्त झाल्यावर परत इथं, घाटाच्या अलीकडं, वडिलांच्या खाचरांत येऊन बसलो. स्वभाव तापट. कुसुम, म्हणजे माझी बायको, म्हणते, "लोकांचा राग नाकावर असतो, ह्यांचा पार टोपीच्या शेंड्यावर." ती वेल्ह्याकडची. तिकडच्या माणसांच्या जिभेला धार असते, हे मी लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच शिकलो.

ज्या कापणीबद्दल मी सांगतोय ती दोन वर्षांपूर्वीची. तेव्हा माझा आणि माझ्या मुलाचा अबोला होता.

अमोल अमेरिकेत, थंडीच्या मुलखातल्या कुठल्याशा शहरात. त्याच्या आधी दोन वर्षं, भादव्यात, माझे वडील गेले. आबांचा नातवावर फार जीव. रोज संध्याकाळी विचारायचे, "अमूल कवा येतुया?" अमोलचे तिथं राहायचे कागद तेव्हा कुठल्या तरी कचेरीत अडकले होते. देश सोडला असता तर परत आत घेतलं नसतं. त्यानं फोनवर सांगितलं, "अण्णा, दहाव्याला येता यायचं नाही." मी त्याला म्हणालो, "तुझी वाट बघणारं माणूस गेलं. आता नको येऊस." त्यावर त्यानं फोन ठेवून दिला.

झालं. त्यानंतर तो दर रविवारी दिवेलागणीला आईच्या मोबाईलवर फोन करायचा. आमच्या घरात रेंज नाही, फक्त ओट्याच्या टोकाला येते, म्हणून कुसुम तिथं बसून बोलायची. मी दर रविवारी बरोबर त्याच वेळी ओट्यावर विळ्याला धार लावत असायचो. भात कापायला असो नसो, विळे मात्र चकचकीत. मधेच तिला म्हणायचो, "थंडी पडली का विचार." ती विचारायची. पलीकडून तो विचारायचा, "अण्णांचा गुडघा कसा आहे?" ती मला विचारायची. मी सांगायचो, "बरा आहे म्हणावं." मला त्याच्याशी बोलायचं होतं. खोटं कशाला बोलू, रोज बोलायचं होतं. पण तो फोन ठेवून मोकळा झाला होता, आणि बाप मी होतो. अशा हिशेबात माणूस अडकला की त्याची अक्कल चरायला जाते.

आणि आई-मुलाचं तरी बोलणं किती चालणार? जेवलास का, काय जेवलास, पाऊस पडला का. दोन वर्षांत तेही आटत आलं होतं. एका रविवारी कुसुमनं कंटाळून विचारलं, "आरं पण तू रविवारचा करतोस तरी काय?" तो म्हणाला, मॅच बघतो. आमच्या शहराचा फुटबॉलचा संघ आहे, पगारी खेळाडूंचा, पण यंदा सारखा हरतोय. सगळे म्हणतात, पुढची फळी ढिली आहे. कुसुमला एवढंच कळलं की पोराच्या जिवाला कसला तरी घोर लागलाय. "मला बी दाव तुझी फळी," ती म्हणाली. सोमवारी सकाळी तिच्या मोबाईलवर टिंग टिंग करत बारकाले व्हिडिओ येऊन पडायला लागले.

आमच्याकडं भात वारंगुळ्यानं काढतात. आज माझं, उद्या तुझं, मजुरी नाही, फक्त दुपारची भाकरी. त्या सोमवारी झोडणी माझ्या खळ्यावर होती. दुपारी नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी असं जेवण झाल्यावर कुसुमनं मोबाईल एका पालथ्या पाटीला टेकवून ठेवला, आणि हात धुऊन सगळे भोवती बसले. पुढं हौसाक्का, माझी चुलत भावजय, साठी उलटलेली पण कापणीला तिच्यापुढं तरणी पोरगी टिकत नाही अशी. तिच्या मागं बापू, वरच्या वाडीवरचा धनगर. मी लांब, रचलेल्या भाताच्या उडवीला पाठ टेकून, टोपी डोळ्यावर ओढून, झोपल्याचं सोंग करून पडलो होतो. एक डोळा अर्थातच उघडा.

मोबाईलची काच तडकलेली, ऊन कडक. एवढ्याशा पडद्यावर चेंडू काही केल्या दिसेना. चेंडू तरी कसला, नारळासारखा दोन्हीकडं निमुळता. दिसत होते ते फक्त समोरासमोर ओणवे झालेले दांडगे गडी. कुणीतरी खूण केली की धाडकन एकमेकांवर आदळायचे. आमच्या मंडळींनी ठरवूनच टाकलं की खेळ तो हाच. कोण कुणाला रेटतो. मागं एक शिडशिडीत माणूस घाबरून मागं मागं पळतोय, त्याला कुणी मोजलंच नाही.

"ह्यो मागचा कोन गं?" हौसाक्कानं विचारलं.

"आसंल कुनीतरी," कुसुम म्हणाली. "लढाई बगाया आलेला."

मग दर सोमवारी खडे मांडून गुण मोजणं सुरू झालं. आपल्या गड्यानं समोरच्याला दोन पावलं रेटलं की हौसाक्का एक खडा अलीकडं ओढणार. त्या हिशेबानं अमोलचा संघ लागोपाठ दोन आठवडे जिंकला! रविवारी कुसुमनं फोन घेतला तोच, "आरं, लई झ्याक खेळलं तुझं लोक! हौसाक्कानं गूळ वाटला." मग अमोल म्हणाला, "आई, आम्ही दोन्ही हरलो. मोठ्या फरकानं." मी धार लावता लावता इतका हसलो की विळा बोटाला लागला. आणि मला ऐकू आलं, मोबाईलमधून तोही हसत होता. दोघं एकाच गोष्टीला, एकाच वेळी हसलो, आणि एकमेकांशी बोललो मात्र नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

त्या दिवशी त्यानं आईला सगळा खेळ समजावला. मागं पळणारा तो माणूस मुख्य, तो चेंडू फेकतो किंवा दुसऱ्याकडं देऊन पळवतो. पुढचे पाच जण त्याची राखण करतात. त्या पाचांना चेंडू क्वचितच मिळतो. गुण त्यांच्या नावावर लागत नाहीत. सगळं सुरळीत झालं तर त्यांचं नाव कुणी घेत नाही. बिघडलं की सगळं खापर त्यांच्यावर.

"म्हंजी आपलं बायकांचं झालं की," हौसाक्का म्हणाली आणि खडे गोळा करून फेकून दिले.

पण बघणं थांबलं नाही, हेच मला नवल. उलट आता जास्त बारकाईनं सुरू झालं. हरणारा संघ बघण्यात एक गंमत असते. जिंकणाऱ्याकडं माणूस नुसता बघतो, हरणाऱ्याचं निदान करतो. तिकडं अमोलचे मित्र मोबाईलवर एका पानावर जमून रोज भांडत होते, इकडं खळ्यावर हे. अमोलच्या मंडळींचं मत पडलं होतं की सगळा घोटाळा डावीकडून दुसऱ्या गड्याचा आहे. तो बावळट आहे, जड आहे, त्याला काढा. बापूला ते पटेना. "जड कुटं हाय? गडी चांगला हाय. पायात ताकद हाय." मग बापूला भलतेच प्रश्न पडायचे. ह्याचं गाव कुठलं असेल? आई-बाप काय करत असतील? एवढं धूड पोसायला रोज खात काय असेल? घरी गेल्यावर ह्याच्याशी कुणी बोलत असेल का, एवढा हरल्यावर? मी टोपीखालून ऐकत राहायचो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवं होतं.

मग चौथा की पाचवा सोमवार. माझं भात झोडून झालं होतं, त्या दिवशी बापूचं होतं, पण मोबाईल बघायला सगळे माझ्याच ओट्यापाशी, कारण रेंज तिथं. एक व्हिडिओ सुरू झाला. गडी ओणवे झाले. आणि अजून कुणी हललं नाही तोच बापू त्या डावीकडच्या दुसऱ्याबद्दल म्हणाला, "ह्यो आता मागं सरंल."

सरला.

पुढचा व्हिडिओ. "आता म्होरं मुसंडी मारंल." मारली. पुढचा. "मागं." मागं. हौसाक्का म्हणाली, "बापू, आदी बगून आलास व्हय रं?"

"म्या कुटं बगतुया? माज्याकडं काय मोबाईल हाय? त्योच सांगतुया की!" बापूनं पडद्याला काळं बोट लावलं. "हात बगा त्येचा. म्होरं जायचं आसलं की हात मातीत रोवतोय, बूड वर. मागं सरायचं आसलं की हात निस्ता टेकलाय आन टाचा खाली. मेंढ्याचं बी तसंच आसतंय. टक्कर द्याचा हाय का पळायचा हाय, आदी टाच बोलती."

मी उठून बसलो. टोपी कुठं पडली कळलं नाही.

खेळाचा मास्तर मी. चढाईला आलेला गडी कुठल्या पायावर भार देतोय ते बघा, हे मी पोरांना जन्मभर ओरडून सांगितलं. आणि माझ्या नाकासमोरची गोष्ट मेंढरं राखणाऱ्या माणसानं पकडली! दुसऱ्या दिवशी कुसुम नदीवर गेल्यावर तिचा मोबाईल घेतला, पेंढ्याच्या गंजीमागं सावलीत बसलो, आणि आलेले सगळे व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिले. गडी ओणवा झाला की थांबवायचं, टाच बघायची, मनाशी म्हणायचं मागं किंवा पुढं, मग सोडायचं. दोन-तीन ठिकाणी फसलो. बाकी सगळीकडं बरोबर. म्हणजे तो गडी ना जड होता, ना बावळट. त्याच्या ताकदीत काही खोट नव्हती. फक्त तो दर वेळी, काही व्हायच्या आधीच, समोरच्याला सांगून टाकत होता. फळी मागं सरली की फेक, पुढं घुसली की पळ; हे समोरच्याला आधीच कळलं तर फळी कशी टिकावी? आणि बिचाऱ्याला स्वतःला याचा पत्ताच नसणार.

कापायला रांगेनं उतरलो की आजही मी माणसांच्या टाचांकडं बघतो. कोण दमलंय, कोण आता कंबर धरून उभं राहणार, कोण रागानं कापतंय, सगळं आधी दिसतं. हौसाक्का घरी सुनेशी वाजवून आली असली की तिची पेंढी घट्ट बांधली जाते. हे मला कुठल्या शाळेत शिकवलं नाही, आणि मीही शिकवलं नाही. आपण नुसते तोंडाकडं बघत बसतो, हेच खरं.

तर ती गोष्ट माझ्या पोटात मावेना. अमोलला कळायलाच हवी होती. रविवार येईपर्यंत कसाबसा दम काढला. दिवेलागणीला फोन वाजला तसा कुसुमच्या शेजारी जाऊन बसलो आणि सांगायला लागलो, "त्याला म्हणावं, डावीकडून दुसरा आहे ना, त्याचा हात बघ. हात रुतला की–"

कुसुमनं माझ्याकडं पाहिलं. फोन अजून वाजत होता.

"दोन वरसं तुमची निरोपी झाले," ती म्हणाली. "थंडी पोचवली, गुडघा पोचवला, पाऊस पोचवला. ह्ये हात न् टाच मला न्हाई जमायचं. उलटं सांगितलं तर त्या परक्या पोराचं वाटुळं हुईल. तुमीच बोला."

"अगं पण–"

"पन न्हाई न् बिन न्हाई. घ्या."

फोन हातात कोंबून ती चक्क आत निघून गेली. मला घाम फुटला. कबड्डीच्या जिल्ह्याच्या सामन्यात कधी फुटला नव्हता असा. हिरवं बटण दाबलं.

"आई?"

"आई न्हाई. मी आहे." आणि तो काही बोलायच्या आत, एका दमात, "तो डावीकडून दुसरा गडी आहे ना तुमचा, तो आधीच सांगतोय बघ."

पलीकडं काहीच नाही. मला वाटलं, ठेवला. परत ठेवला. मग अगदी बारीक आवाज आला. "कसं काय, अण्णा? नीट सांगा."

पाऊण तास बोललो. फक्त टाच, हात, भार, फळी. आबांचा विषय नाही, दहाव्याचा नाही, काही नाही. त्यानं मधेच लॅपटॉप उघडला, म्हणाला थांबा, बघतो. मी इकडं थांबलो, तो तिकडं बघत होता. "पुढं," मी म्हणायचो. "बरोबर," तो म्हणायचा. "मागं." "बरोबर! अण्णा, हे कुणी शोधलं?" मला खोटं बोलायचा मोह झाला, कबूल करतो. पण म्हणालो, "बापू धनगरानं."

त्यानं ते त्या पानावर लिहिलं. लोकांनी म्हणे खिल्ली उडवली, हा कुठला तज्ज्ञ विचारलं. अमोलनं लिहिलं, मेंढपाळ आहे. मग काहींनी जुन्या मॅचेस काढून तपासल्या आणि गप्प झाले. त्यानंतर दर रविवारी फोन आला की कुसुम न बोलता माझ्याकडंच सरकवायची. पण बोलणं तेवढंच, खेळापुरतं. त्याच्यापलीकडं एक पाऊल टाकायची माझी छाती होत नव्हती. अमोलचीही होत नसावी. आम्ही दोघं त्या गड्याच्या आडोशानं बोलत होतो.

संघ हरतच राहिला. दोन सामन्यांत त्या गड्याला बाहेर बसवलं. मी चिडलो. "त्याला कुणी सांगितलं का पण?" अमोल म्हणाला, "अण्णा, तिथं मोठमोठे कोच आहेत." मी म्हणालो, "कोच चेंडूकडं बघत असतील." बापूला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "काडलं? आन शिकिवलं न्हाई?" आणि मेंढरं घेऊन वर निघून गेला. तो गडी पुढं दुसऱ्या कुठल्या संघात गेला म्हणतात. टाच तशीच टेकवतो का अजून? कुणी प्रेमानं जवळ बसवून दाखवलं का त्याला? मला खरंच माहीत नाही, आणि ते जाणून घ्यायची खुमखुमी अजून गेलेली नाही.

त्यांचा हंगाम संपला तो पौषात. आमचं भात केव्हाच कणग्यांत गेलं होतं, खाचरांत वाल फुलावर आला होता. शेवटच्या सामन्याची चिरफाड करून झाली. फोन ठेवायची वेळ झाली, पण ठेवावासा वाटेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "वाईट याचं वाटतं रे, की माणूस काय दाखवतोय हे त्याचं त्याला कळत नाही."

अमोल हसला. "तुमचं पण कळतं, अण्णा."

"माझं? काय कळतं?"

"तुम्ही चिडलात की आवाज खाली जातो. शाळेत आम्हा सगळ्या पोरांना ठाऊक होतं. सर ओरडले तर बिनघोर राहायचं. सर हळू बोलले की पळायचं."

"बरं, मग?"

"आबा गेले त्या दिवशी तुम्ही मला नको येऊस म्हणालात ना, तेव्हा आवाज खाली गेला नव्हता. वर गेला होता. फाटला होता. तुम्ही चिडला नव्हता अण्णा, रडत होतात. मला तेव्हाच कळलं. तुम्ही माझ्यासमोर कधी रडला नव्हता. मला पुढं काय बोलावं सुचेना, म्हणून ठेवला मी फोन."

ओट्यावर कुसुम सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिचा हात थांबला. नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. सर्दी झाली होती, रेंज नव्हती, काहीही सांगता आलं असतं.

"व्हय रं," मी म्हणालो. "रडत होतो. तू पायजे होतास."